यकृतात फरक, हृदयात नाही: दोष जनुकाचा की उंदराच्या वाणाचा?

खाडीकाठचा मास्तर (रत्नागिरी):
नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्र शिकवून आता घरी बसलोय, पण भाची पुण्यात उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियावर काम करते, त्यामुळे मला अजून गृहपाठ असतो. शिमग्याला आली तर पालखी दारात आणि ही लॅपटॉपवर. त्यांनी एक जनुक बंद केलेले, म्हणजे नॉकआउट, काळे उंदीर (सी५७ ब्लॅक ६ हा प्रयोगशाळेतला वाण) आणि बाहेरून विकत आणलेले साधे काळे उंदीर यांची तुलना केली. यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियाला सक्सिनेट हे इंधन दिलं तर ऑक्सिजनचा वापर दोन्हीकडे सारखाच, पण नॉकआउटमधून हायड्रोजन पेरॉक्साइड भसाभस बाहेर पडतंय. हृदयात तेवढा फरक नाही. साहेब म्हणतात, परिणाम मिळाला, पेपर लिहायला घ्या. मला काही ते पटेना. बंद केलेलं जनुक श्वसन-साखळीच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या प्रथिनांच्या, वाटेलाही जात नाही. मग हे पेरॉक्साइड आलं कुठून?

मायटोवाली:
मास्तर, आधी सांगा, ६-जे की ६-एन? दोन्हींना सगळे 'ब्लॅक ६'च म्हणतात, पण १९५१ मध्ये एक शाखा अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेकडे गेली, ती एन; मूळची ती जे. तेव्हापासून दोन्ही घराणी वेगळी वाढली. पुढे जे-शाखेत एनएनटी नावाच्या जनुकातले पाच एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) गळाले. हे २००५ मध्ये उघड झालं, तेही उंदरांची साखर का चढते हे शोधताना. एनएनटीचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात बसतं आणि प्रोटॉनच्या दाबावर एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू बनवतं. त्याच एनएडीपीएचवर ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य पुन्हा ताजं होतं आणि पेरॉक्साइड निकालात निघतं. एनएनटी नाही, तर साठा आटतो. ऑक्सिजनचा आकडा जसाच्या तसा आणि पेरॉक्साइड मात्र वर, हे जे-उंदराच्या यकृताचं अगदी ओळखीचं चित्र आहे. नॉकआउट जे-वर आणि विकतचे एन असतील तर तुमच्या भाचीने बहुधा एनएनटीच मोजलंय!

खाडीकाठचा मास्तर:
ताई, डोकं खाजवायला लावलंत. पण मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो ना? फरक तिथे का नसावा?

मायटोवाली:
असू शकतो, पण इथे शक्यता कमी. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवणाऱ्या पाच संकुलांत, म्हणजे प्रथिनांच्या जुडग्यांत, नव्वदच्या आसपास प्रथिनं आहेत आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत त्यातल्या फक्त १३ची माहिती. बाकी सगळी केंद्रकातली. शिवाय जुने प्रयोगशाळेतले बहुतेक वाण आईकडून एकाच मूळ मादीपर्यंत जातात. ६-जे आणि ६-एन तर सख्खे भाऊबंद.

दुसरं एक ध्यानात ठेवा: कॉक्स७ए२एल. ब्लॅक ६ मध्ये या प्रथिनाची दोन अमिनो आम्लं कमी असलेली आखूड आवृत्ती असते, १२९ किंवा डीबीए/२ या दुसऱ्या वाणांमध्ये लांब. त्यावर तिसऱ्या आणि चौथ्या संकुलाची जोडी जमणं अवलंबून आहे. मात्र ती जोडी तुटल्याने ऊर्जेचं खरंच किती बिघडतं, यावर लोक अजून भांडतायत. मी त्यात पडत नाही.

माडावरचो:
मास्तरांनू, आमच्या कणगीतल्या उंदराची जात खयची, ती कोणी सांगात काय?

मायटोवाली:
दादा, घरात फिरणारा लहान उंदीर बहुतेक मस मस्क्युलस कास्टेनियस. थायलंडमध्ये पकडलेल्या त्याच्या भाऊबंदांपासून प्रयोगशाळेतला कास्ट वाण तयार झालाय. पण माडावर चढून शहाळी पोखरतो तो रॅटस, त्याचं खापर आमच्यावर फोडू नका.

देवगडकर पीएचडी:
हृदयात फरक कमी म्हणून गाफील राहू नका. त्याच एनएनटीच्या बिघाडाने माणसात मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा आजार होतो, हे २०१२ मध्ये कळलं. एनएनटी नसलेल्या उंदरातही कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे त्याच ग्रंथीचं संप्रेरक, कमी भरतं. एकाच जनुकाची झळ प्रत्येक ऊतीला वेगळी लागते, कारण एनएडीपीएच बनवायच्या इतर वाटा प्रत्येक ऊतीत सारख्या नसतात. माझं मत विचाराल तर विकतचे कंट्रोल (तुलनेसाठीचे उंदीर) बाजूला ठेवा आणि नॉकआउट व साधी अशी दोन्ही एकाच वेतातली पिल्लं घ्या. पिंजऱ्यात जागा नाही ही सबब आमच्या साहेबांनीही सांगितली होती. जागा होती.

खाडीकाठचा मास्तर:
भाचीला फोन केला. पिंजऱ्याच्या कार्डावर नुसतं 'बी६' लिहिलंय, जे नाही की एन नाही! शेपटीचे तुकडे मात्र फ्रीजरमध्ये जपून ठेवलेत, त्यावर आता पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून पाहायची चाचणी) लावेल. एनएनटीच्या गळालेल्या भागाचे प्राइमर, म्हणजे त्या चाचणीला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, कुणी वापरले असतील तर तिला कळवा. यंदा आंबा कमी आहे, पण पेटी पोहोचवतो.