अनुभव धागा: आपण पाहिलेली मदिना

हज किंवा उमऱ्याच्या निमित्ताने मदिनेत आठ-दहा दिवस राहून आलेले लोक आता आपल्याकडे गावोगावी आहेत. चौदाशे वर्षांचा इतिहास पाहिलेल्या या शहरात जुन्या वास्तू मात्र थोड्याच उरल्या आहेत. तेव्हा तेथे उभे राहिल्यावर आपल्याला नेमके काय दिसले, तेवढेच लिहावे. हॉटेल आणि खरेदीची माहिती कृपया येथे नको.

सुरुवात मीच करतो. २०१८ साली अब्बांबरोबर मस्जिद-ए-नबवीत, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीत, गेलो, तेव्हा रियाजुल जन्ना पायाखालच्या गालिच्यावरून ओळखला. इतरत्र लाल, तेथे हिरवा. पैगंबरांचे घर आणि मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) यांच्यामधली ही जागा जन्नतच्या बागांपैकी एक आहे, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आले आहे. दाटीवाटीत दोन रकात नमाज कशीबशी झाली आणि सलाम फेरून नमाज संपवल्यावर एका खांबावरची सोनेरी अक्षरे लागली: अबू लुबाबा. हातून चूक घडली म्हणून या सहाबींनी (पैगंबरांच्या सोबत्याने) स्वतःला खजुराच्या खोडाला बांधून घेतले आणि तौबा (पश्चात्ताप) कबूल होईपर्यंत ते तसेच राहिले. पहिल्या मशिदीचे खांब खजुराच्या खोडांचेच होते. आजचा खांब दगडी आहे, पण जागा तीच मानतात. अब्बा त्याच्याकडे पाहत राहिले आणि मागच्यांनी आम्हाला पुढे ढकलले.

चिपळूण. माझे आजोबा मुंबईहून आगबोटीने हजला गेले होते आणि पुढे आयुष्यभर पैगंबरांच्या कबरीवरच्या हिरव्या घुमटाबद्दल बोलत. तो हिरवा रंग १८३७ सालचा आहे, हे मला बरेच उशिरा कळले. जन्नतुल बकी या कबरस्तानात स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळे मी जाळीबाहेरूनच फातिहा पढले. हजरत उस्मान आणि इमाम हसन यांच्यासह असंख्य सहाबी जेथे दफन आहेत, तेथे नावाची एक पाटीसुद्धा नाही. मातीचे उंचवटे आणि डोक्याशी रोवलेले ओबडधोबड दगड, एवढेच दिसते. येथील कबरींवरचे घुमट १९२५-२६ च्या सुमारास पाडले गेले. कबरींवर बांधकाम नसावे, ही त्यामागची धार्मिक भूमिका मी समजू शकते, पण मला ती पटत नाही.

मिरज. मस्जिद-ए-किब्लतैनमध्ये, म्हणजे दोन किबल्यांच्या मशिदीत, आम्ही जेमतेम वीस मिनिटे होतो. किबला, म्हणजे नमाजची दिशा, ६२४ मध्ये जेरुसलेमकडून मक्केकडे बदलला, हे शाळेपासून पाठ होते. पण मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला आहे, म्हणजे नमाजींना थोडे वळून भागले नसेल, पूर्ण पाठ फिरवावी लागली असेल, हे तेथे उभे राहिल्यावर प्रथमच डोक्यात शिरले.

मालेगाव. मदिनेजवळच्या उहुद डोंगराकडे गेलात तर धनुर्धरांच्या टेकडीवर अवश्य चढा. ती इतकी ठेंगणी आहे की आधी मला वाटले, वाट चुकलो. वर गेल्यावर मात्र खालचे मैदान आणि मागचा तांबूस डोंगर दोन्ही नजरेच्या टप्प्यात येतात, आणि मक्केच्या सैन्याशी झालेल्या ६२५ च्या लढाईत पैगंबरांनी पन्नास तिरंदाजांना 'काहीही झाले तरी जागा सोडू नका' असे का बजावले होते, ते कोणी न सांगता उमगते. बहुतेकांनी ती सोडली. त्याची किंमत पायथ्याशी कुंपणाच्या आत आहे: पैगंबरांचे काका हजरत हमजा आणि इतर शहीद, एकूण सुमारे सत्तर.

भुसावळ. मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे माझे पाय हिजाज रेल्वेच्या जुन्या स्थानकाकडे वळले. दमास्कसहून निघालेली ही काळ्या दगडाच्या देखण्या स्थानकापर्यंतची लाईन १९०८ मध्ये मदिनेला पोहोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. मक्केपर्यंत नेण्याचा बेत तडीस गेला नाही, आणि पहिल्या महायुद्धात वाटेतले रूळ सुरुंगांनी उखडले गेले. या लाईनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १०५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त. मी खाली वाकून वितीने अंतर मोजू लागलो, तेव्हा बेगम म्हणाली, "जियारतीला (पवित्र स्थळांच्या दर्शनाला) आलात की ड्युटीवर?"