उमेदवाराचे नावच नसलेले प्रचारगीत गावे का?

जवारी (मिरज):

नमस्कार. प्रश्न थोडा गुंतागुंतीचा असल्यामुळे सविस्तर लिहिते आहे. मी मिरजेत राहते आणि गेली २२ वर्षे घरीच गाण्याच्या शिकवण्या घेते. घरात एक भाटी, तिचा आता आडदांड झालेला बोका आणि गेल्या पावसाळ्यात आसऱ्याला येऊन परत न गेलेली एक पाहुणी, अशी तीन मांजरे आहेत. भाटीला तानपुऱ्याच्या गवसणीत झोपायची सवय आहे आणि घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) स्वर घुमावा म्हणून तारेखाली सरकवलेले जवारीचे सूत दिसले की ते दातांनी ओढल्याशिवाय तिला राहवत नाही. सतारमेकर गल्लीतले कारागीर आता मला पाहताच नव्या सुताची गुंडी बाहेर काढतात.

महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या एका उमेदवार बाई, त्यांचे यजमान, दीर आणि चार कार्यकर्ते आमच्याकडे आले. मत मागायला आले असतील असे मला वाटले, पण त्यांना प्रचारगीत गाऊन हवे होते. चाल गोंधळाची ठरली होती, शब्द लिहून आणले होते आणि मानधन आगाऊ द्यायची तयारी होती. मी कागद वाचला. तीन कडव्यांत ‘वहिनीसाहेब’ सात वेळा, यजमानांचे नाव पाच वेळा आणि दिवंगत सासऱ्यांचे दोन वेळा आले होते. उमेदवाराचे स्वतःचे नाव एकदाही नव्हते.

यजमान गटारांच्या कामावर बोलत होते, दीर मध्ये मध्ये आकडे पुरवत होते आणि बाई गप्प बसून होत्या. परके माणूस दिसले की कपाटामागे पळणारी आमची भाटी मात्र त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हळूच विचारले, “ही गाभण आहे का हो?” तोवर मला स्वतःला ते कळले नव्हते. साऱ्या भेटीत त्या एवढेच बोलल्या.

मी स्वतःला स्त्रीवादी समजते. असे गीत गायले तर बाईला पुढे करून पुरुषांनी चालवलेल्या कारभाराला मी आवाज देते, आणि नाही म्हटले तर एका स्त्री उमेदवाराचीच वाट अडवते, अशा कोंडीत सापडले आहे. तुम्ही काय कराल? जाता जाता आणखी एक विचारते: प्रचाराच्या रिक्षा दारावरून गेल्या की भाटी दोन दोन तास पलंगाखालून बाहेर येत नाही. त्यावर काही उपाय आहे का?

तासगावची माई:

जवारीताई, मी तुमच्या उमेदवाराच्या जागी बसून आलेली बाई आहे, म्हणून आधी लिहिते.

२०११ साली महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधले महिलांचे आरक्षण निम्म्यावर गेले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत आमच्या गावचे सरपंचपद महिलेकडे आले. यजमान गावकीत वजनदार असल्यामुळे अर्ज माझा भरला गेला. गावात कोणीतरी ‘शिंके तुटले, बोक्याचे फावले’ असे म्हटल्याचे माझ्या कानावर आले होते, आणि त्यातला बोका मी नव्हते, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. पहिल्या मासिक सभेत मी सरपंचाच्या खुर्चीवर बसले, शेजारच्या खुर्चीवर हे बसले आणि ग्रामसेवकांनी प्रोसीडिंगचे रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवले. मी फक्त सही केली. कशावर केली, ते घरी आल्यावर विचारले.

फरक पडला तो महिला ग्रामसभेमुळे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, अशी आपल्या कायद्यात तरतूद आहे आणि त्या सभेत यजमानांना खुर्ची नसते. तिथे मी पहिल्यांदा माईक हातात धरला. पहिलाच विषय दारूच्या दुकानाचा निघाला. ते बंद करायचे असेल तर मतदान होते, मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते आणि गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडावी लागते, हे सगळे समजून घेण्यासाठी मी तहसील कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला एकटी गेले. पुढच्या मासिक सभेत रजिस्टर मी स्वतःकडे ओढून घेतले. ते ओढताना झालेला आवाज अजून माझ्या कानात आहे.

म्हणून ‘डमी उमेदवार’ हा शब्द जपून वापरावा, असे मला वाटते. मुलगा वडिलांच्या पुण्याईवर उभा राहिला की त्याला वारसदार म्हणतात आणि बाई नवऱ्याच्या पुण्याईवर उभी राहिली की डमी, हा कोणता न्याय? २०२४ साली लोकसभेच्या ५४३ खासदारांपैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. लोकसभा आणि विधानसभांमधल्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली खरी, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे. तोवर बायकांना चढायला हीच पायरी आहे. तुम्ही गा. पण कागद आहे तसा गाऊ नका.

हिशेबी (सांगली):

माझे मत थोडे कोरडे आहे. लग्नात मंगलाष्टके म्हणणारा माणूस नवरानवरीची पत्रिका जुळते का ते पाहत नाही. तुमचा आवाज हे तुमचे काम आहे. ठरलेले मानधन पावती देऊन घ्यावे, खर्च उमेदवाराच्या हिशेबात दाखवायला सांगावे आणि मतदानाच्या दिवशी जे पटेल ते बटण दाबावे. प्रत्येक कामात विचारसरणी तपासत बसलो तर शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या पालकांचीही तपासावी लागेल.

तासगावची माई:

हिशेबीदादा, मंगलाष्टकांत निदान वधूचे नाव तरी घेतात!

सातारकर:

हा नुसता तत्त्वाचा प्रश्न नाही, व्यवहाराचाही आहे, आणि वाद्यांशी संबंध असल्याने इथे सांगतो. २०२४ च्या लोकसभेला आमच्या साताऱ्यात एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि एका अपक्षाला मिळालेल्या चिन्हाचे नाव यादीत ‘तुतारी’ असे छापलेले होते. चित्रात दिसत होती ती आपली पिपाणी. विजयी आणि पराभूत उमेदवारांत सुमारे ३२ हजार मतांचे अंतर राहिले आणि पिपाणीला पडली ३७ हजारांच्या आसपास. त्यावरून झालेल्या वादात मी शिरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की मतदान यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला मुख्य आधार नाव आणि चिन्ह यांचाच असतो. यंत्रावर ‘वहिनीसाहेब’ असे छापलेले नसणार. मतदार त्या नावाने शोधत बसला तर नुकसान कोणाचे, हे यजमानांना याच भाषेत विचारा. स्त्रीवाद पटला नाही तरी बेरीज पटेल.

दोन बोके (कराड):

मांजरापुरते उत्तर देतो. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते, मांजराला त्याच्या तिप्पट. कर्ण्याची शिट्टी आपल्याला नुसती कर्कश वाटते, तेव्हा तिच्या कानांचे काय होत असेल याचा अंदाज बांधा. पलंगाखाली बसली तर ओढून बाहेर काढू नका, कारण तिने स्वतः निवडलेली जागा तिला सुरक्षित वाटते. रस्त्यापासून लांबच्या खोलीत एक खोके आडवे ठेवा आणि त्यात तुमची वापरलेली साडी घाला. गाभण असेल तर हे आजच करा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्यापलीकडे गेले तर पोलिसांकडे तक्रार करता येते. आमच्याकडे मी ती एकदा केली होती. रिक्षा आमच्या गल्लीतून हलली आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन उभी राहिली.

जुन्या तबकड्या (सांगली):

जवारीताईंनी कागदावरची नावे मोजली, ते वाचून मला दोन गोष्टी आठवल्या.

पहिली मतदारयादीची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो स्त्रियांनी नोंदणी करणाऱ्यांना स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत अशी भूमिका घेतली आणि शेवटी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता आणि त्या बायकांचे मत त्या खेपेला बुडाले, हेही खरे. पण मतदार ही स्वतःच्या नावाची व्यक्ती असते, कोणाची तरी कोणी नसते, हे त्यातून कायमचे ठरून गेले. ‘वहिनीसाहेब’ ही जुनीच नोंद आहे, फक्त आता तिला चाल लावली आहे.

दुसरी गोष्ट तबकड्यांची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या तबकड्यांमध्ये गाणे संपता संपता गायिका स्वतःचे नाव पुकारत असे. गौहर जान इंग्रजीतून ‘माय नेम इज गौहर जान’ असे ठणकावून सांगतात. कारण अगदी व्यावहारिक होते: मूळ मुद्रणे तबकड्या बनवायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कामगारांना गाणारीण कोण हे ओळखता यावे, म्हणून ही सोय. पण ऐकताना ती सोय वाटत नाही. ज्या काळात गाणाऱ्या बाईच्या घरी जायला लोकांना आवडे आणि तिचे नाव घ्यायला संकोच वाटे, त्या काळात तीन मिनिटांच्या तबकडीत ती स्वतःच्या नावासाठी दोन सेकंद राखून ठेवत होती. पुढे तुमच्याच मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा फलकावर नाव त्यांचे होते.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. गोंधळाची चाल तुम्ही गा, मात्र शेवटी त्या बाईंनी स्वतःच्या आवाजात स्वतःचे नाव सांगावे. हे नाव तुम्ही गाण्यात गुंफू नका. त्यांना बोलू द्या.

जवारी (मिरज):

सर्वांचे आभार. १७ दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व.

सातारकरांचा मुद्दा मी यजमानांपुढे त्यांच्याच शब्दांत ठेवला आणि तो लगेच पटला. शेवटी नाव सांगायची सूचना मात्र मी थेट बाईंना फोन करून सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “आडनाव कोणते सांगू?” मी म्हटले, यंत्रावर छापणार आहेत ते.

ध्वनिमुद्रणाला त्या दिरांबरोबर आल्या. पहिल्या वेळी नाव इतके हळू आले की माईकने धरलेच नाही. दुसऱ्या वेळी हसू फुटले. तिसऱ्या वेळी मी त्यांना तानपुऱ्याजवळ बसवले आणि डोळे मिटून षड्ज, म्हणजे सा, कानात भरू द्या, असे सांगितले. मग त्या बोलल्या, आणि गाण्याच्या पट्टीतच बोलल्या. रिक्षावर वाजवायला गीत दीड मिनिटाचेच हवे होते, तेव्हा नावासाठी जागा करायला काहीतरी वगळणे भाग होते. सासऱ्यांच्या दोन्ही ओळी काढल्या. दिरांनी तोंड वाकडे केले, पण घड्याळापुढे त्यांचे काही चालले नाही.

मानधन पावती देऊन घेतले. मत कोणाला देणार, ते इथे लिहिणार नाही. प्रभागातल्या दुसऱ्या एका उमेदवाराही माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत.

खोके आणि साडी हा उपाय भाटीने नाकारला. परवा रात्री तिने गवसणीतच तीन पिल्ले घातली, त्यामुळे तानपुरा सध्या चादरीत गुंडाळून कपाटाला टेकवला आहे आणि पाहुणी त्या चादरीवर डोळा ठेवून आहे. पिल्ले झाल्याचे कळताच बाईंचा फोन आला, एक माझ्यासाठी ठेवा म्हणाल्या. मांजर घरात चालेल का, असे मी विचारले. “सासूबाईंना चालत नाही,” त्या म्हणाल्या. “निकालानंतर विचारते.”