मदत हवी आहे : लेकीच्या जर्मनीतल्या घराला ठाण्यातून पैसे देतोय, कागदावर नाव कुणाचं असावं?

नौपाडा_६२

नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात राहते, शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. लेक आणि जावई सात वर्षं श्टुटगार्टला आहेत. भाड्याच्या घराला कंटाळून त्यांनी आता स्वतःचं घर बघितलंय. जुनी इमारत, तिसरा मजला, अडीच खोल्या, किंमत ३ लाख २० हजार युरो. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण किमतीच्या वरचा खर्च तुमचा तुम्ही करा म्हणते. तो आकडा ऐकून मी लेकीला दोनदा विचारलं. त्या राज्याचा खरेदी कर ५ टक्के, नोटरी आणि नोंदणीचे मिळून साधारण २ टक्के, एजंटाचे ३.५७ टक्के. हेच ३४ हजार युरोच्या आसपास जातं. शिवाय सुरुवातीला थोडी रक्कम भरली तर हप्ता हलका होईल. म्हणून आम्ही दोघांनी मिळून ६० हजार युरो द्यायचं मनात आहे, म्हणजे ६० लाख रुपये धरून चाललोय.

सासूबाईंचा पाचपाखाडीतला फ्लॅट त्यांच्या मागे ह्यांच्या नावावर झाला. तीन वर्षं कुलूप आहे. तो विकायचा आणि त्यातून हे पैसे द्यायचे. बाकीचे धाकट्याला, तो इथेच असतो.

घोडं अडलंय ते नावावर. ह्यांचं म्हणणं, पैसा आपला तर कागदावर आपलंही नाव हवं. मी त्यांना हट्टी म्हणणार नाही. माझ्या सासऱ्यांनी गावी घर बांधायला पै पै करून पैसे पाठवले, कागद झाला चुलत्यांच्या नावावर. ते घर आमचं कधी झालंच नाही. ह्यांच्या कपाटात त्या मनिऑर्डरींच्या पावत्या अजून दोऱ्यात बांधून ठेवल्यात.

मला मात्र वाटतं, लेकीच्या घरात पुढे प्रत्येक गोष्टीला आमची सही लागू नये. तिने उद्या घर विकायचं ठरवलं आणि आम्ही इथे अंथरुणाला खिळलेले असलो तर? पण हेही खरं, की आम्ही दिलेलं तिचंच राहावं.

तर, आमची नावं लावायची की नुसते पैसे द्यायचे? भारतातून एवढे पैसे पाठवता येतात का? फ्लॅट विकून परदेशात घर घेतलं तर कर वाचतो असं एका एजंटाने सांगितलं, ते खरं का? जाणकारांनी कृपया सांगावं. दिवाळीच्या आत ठरवायचंय.

ऐरोलीकर

ताई, बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून पैसे पाठवण्यापुरतं सांगतो.

पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. त्यात नातेवाइकाला भेट देणंही बसतं आणि परदेशात घर घेणंही. तुमची रक्कम मर्यादेच्या बरीच आत आहे. पॅन लागेल आणि ए-टू फॉर्म भरावा लागेल. त्यात पैसे कशासाठी जातायत ते लिहायचं असतं, तिथे जे खरं आहे तेच लिहा. भेट देत असाल तर भेट. काउंटरवरचा मुलगा घाईत काहीतरी टिकमार्क करून देतो आणि पुढे कागद जुळत नाहीत.

खरा दणका टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो कर आगाऊ कापते त्याचा. वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के बँक कापून घेते. एकट्या काकांच्या खात्यातून ६० लाख गेले तर ५० लाखांचे २० टक्के, म्हणजे १० लाख अडकले. तुम्ही दोघांनी आपापल्या खात्यातून ३०-३० पाठवले तर एकूण ८ लाख. (काकांनी आधी तुमच्या खात्यात वळते केले तरी चालतं, नवरा-बायकोतल्या भेटीवर कर नाही.) मार्चआधी अर्धे आणि एप्रिलनंतर अर्धे जमले तर ४ लाखांवर येतं. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना कराच्या हिशोबात धरले जातात आणि उरलेले परत मिळतात. पण तोवर हातात नसतात. घराचा सौदा तारखेवर असतो, तेव्हा हे आधीच धरून चाला.

तलावपाळी

त्या एजंटाचं ऐकू नका. राहण्यासाठीचं घर (कुलूपबंद असलं तरी) विकून घर घेतल्यावर जी सवलत मिळते ती २०१४च्या बदलापासून फक्त भारतातल्या घराला आहे. फ्लॅटच्या नफ्यावर कर भरावाच लागेल. वास्तू २३ जुलै २०२४च्या आधी घेतलेली असेल तर १२.५ टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी पडेल ते. वारसाने आलेल्या घराला सासूबाईंची खरेदी किंमतच धरतात, तेव्हा त्यांचा जुना करारनामा शोधून ठेवा.

आता नावाचं. तिकडच्या घरावर काकांचं नाव लागलं की दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं, भाडं एक पैसा येत नसलं तरी. आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म मग चालत नाही. राहून गेलं तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. मध्यंतरी २० लाखांच्या आतल्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट दिली, पण त्यातून घर-जमीन वगळली आहे. सत्तरी-पंचाहत्तरीत हे ओझं काकांनी का घ्यावं?

वाशीची_श्वाबिन

काकू, मी मूळची वाशीची, आम्ही तुमच्या लेकीच्याच राज्यात चार वर्षांपूर्वी घर घेतलं. माझ्या आई-बाबांनीही मदत केली होती, म्हणून मनापासून लिहितेय.

इकडे आपल्यासारखं दुय्यम निबंधकाकडे फोटो-अंगठा देऊन करार होत नाही. नोटरी अख्खा करारनामा सर्वांसमोर मोठ्याने वाचतो. पानन् पान. आमचा पावणेदोन तास चालला. जर्मन नीट येत नसेल तर दुभाषा लागतो. नोटरी कुणा एकाचा वकील नसतो, तो दोन्ही बाजूंना सारखा असतो, त्यामुळे ‘हे घर घेऊ की नको’ हे तो सांगणार नाही. मसुदा आधी मागून घ्या आणि न कळलेलं सगळं आधीच विचारा. सही झाल्यावर लगेच पैसे द्यायचे नाहीत. आधी सरकारी जमीनवहीत, ग्रुंडबुखमध्ये, खरेदीदाराच्या नावाची राखीव नोंद पडते, म्हणजे विकणाऱ्याला तेच घर दुसऱ्याला देता येत नाही. मग नोटरीचं पत्र येतं, तेव्हा पैसे. खरी मालकी ग्रुंडबुखमध्ये नाव चढल्यावरच, त्याला काही महिने जातात.

तुमची नावं लावायची तर तुम्हाला येऊन सही करावी लागेल किंवा मुखत्यारपत्र द्यावं लागेल. भारत आणि जर्मनीत अपोस्टिल (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानण्यासाठीचा सरकारी शिक्का) चालत नाही, म्हणजे जर्मन वाणिज्य दूतावासात खेटे. उद्या तुमच्यामागे नाव बदलायचं तर सहसा इथल्या न्यायालयाचा वारसदाखला लागतो. बँकही बहुधा तुम्हाला कर्जात ओढेल.

पण सगळ्यात महत्त्वाचं हे. आई किंवा वडिलांकडून मुलाला दहा वर्षांत ४ लाख युरोपर्यंतच्या भेटीवर इथे कर नाही. जावयाला मात्र सासू-सासऱ्यांकडून २० हजारांपर्यंतच. म्हणून पैसे फक्त लेकीच्या एकटीच्या खात्यात जाऊ द्या, दोघांच्या खात्यात नको. भेट मिळाल्यापासून तीन महिन्यांत तिने ते कर कार्यालयाला कळवायचं. सोबत एक साधं पत्र : कोण देतंय, कुणाला, किती, आणि हे परत करायचे नाहीत. बँकही पैसा कुठून आला विचारतेच.

आणि काकांची काळजी रास्त आहे. तिच्यावर इथे उपाय आहे. ग्रुंडबुखमध्ये नवरा-बायकोचे हिस्से अपूर्णांकात लिहितात. अर्धा-अर्धा असायलाच हवा असं नाही. लेकीचा ६/१० आणि जावयाचा ४/१० असं करारातच लिहून घेता येतं.

जाता जाता : इमारत जुनी आहे तर मालकसभेची मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागायला सांगा. आपल्या सोसायटीच्या सिंकिंग फंडासारखी गंगाजळी तिथेही असते. ती रिकामी असली आणि छपराचं काम आलं की प्रत्येकाला वर्गणी.

नौपाडा_६२

तुम्ही सगळ्यांनी एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना सगळं वाचून दाखवलं. टीसीएसचं ऐकून ह्यांनी लगेच वही काढली. पण ६/१० वर आल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “म्हणजे तिचं नाव सरकारी वहीत, हिश्शासकट?” मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाले, मग आपलं नाही लागलं तरी चालेल.

तर आम्ही भेटच देणार आहोत, दोघांच्या खात्यांतून, अर्धे आता आणि अर्धे एप्रिलमध्ये. पत्राचा मसुदा मी मराठीत केलाय, लेक जर्मन करून घेईल. इतिवृत्तंही मागायला सांगितलीत.

आता एकच अडचण उरली. जावई गुणी आहे, कर्जाचा हप्ता निम्मा तोही भरणार. त्याला हे ६/१० चं सांगताना आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही असं वाटता कामा नये. हे लेकीने बोलावं की आम्ही? तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं असेल तर कसं बोललात ते जरूर लिहा.