वाडीच्या शाळेतल्या माळकरी बाई आठवतात का कुणाला?

चौथीपर्यंत शिकवलं त्या बाई परवा गेल्या, दहाव्याला मला दोन शब्द बोलायचेत आणि काही सुचत नाहीये, आठवणी असतील तर टाका ना.

— पसायदान! नऊच्या नऊ ओव्या पाठ करून घेतल्या, अर्थ विचारला की म्हणायच्या आधी 'व्यंकटी' शुद्ध लिही मग बघू 😄

— आषाढीला स्वतः कडक उपास, आम्हाला मात्र पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू. १९४७ ला साने गुरुजींनी पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं ते सांगताना दरवेळी आवाज कापायचा त्यांचा.

— हात खडूने पांढरे, कपाळावरचा बुक्का घामाने नाकापर्यंत आलेला. पाढे चुकले की पट्टी पण बसायची हां, तेही सांग.