सांगूनही दुकानाबाहेर न जाणारा माणूस आणि पोलीस : इंदूरकरांचे अनुभव

दुकानात शिरलेला माणूस सांगूनही हटत नाही, पोलीस येतात, समजूत घालतात आणि त्याला न नेताच परततात, अशी तक्रार आपल्या व्यापारी मंडळींकडून वरचेवर ऐकू येते. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आला असेल, त्यांनी तो कृपया येथे लिहावा. ठाण्याचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव मात्र देऊ नये.

जेल रोडवरील एक दुकानदार
माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. दुरुस्तीचे पैसे परत मागणारा एक ग्राहक काउंटरच्या आत येऊन बसला आणि दोन तास उठेना. रागाच्या भरात मी अर्धे शटर ओढून त्याला अडवून ठेवले व डायल १०० ला फोन केला. पुढे ठाण्यात टी.आय. (ठाणे प्रभारी) साहेबांनी प्रथम मलाच सुनावले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ (फौजदारी अतिक्रमण) प्रमाणे नुसते आत असणे पुरत नाही, गुन्हा करण्याचा अथवा जागेचा ताबा असलेल्याला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. शिवाय हा गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे सामान्य नागरिकाला त्यासाठी कोणाला पकडून ठेवता येत नाही, उलट कोंडल्याची तक्रार माझ्यावरच होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. तक्रार करायला मी गेलो होतो, हे तेवढ्यापुरते विसरायला झाले! मी त्याला तीनदा बाहेर जाण्यास सांगितल्याचे कॅमेऱ्यात आवाजासह होते, म्हणून माझे आवेदन घेतले गेले.

सियागंज
आमच्या गोदामात जुना भागीदार परवानगीशिवाय शिरला होता. मालमत्ता ठेवण्याची इमारत असल्याने कायद्याच्या भाषेत हे ‘गृह-अतिक्रमण’ ठरते आणि शिक्षा एक वर्षापर्यंत आहे, तरीही अटक झाली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस तेवढी दिली गेली. मी संतापलो होतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हेच बजावले होते, हे माझ्या वकील मेहुण्याने मला नंतर समजावले. पुढे भागीदाराने सामान परत केले व आम्ही तडजोड केली; या गुन्ह्यात जागेचा ताबा असलेल्याला ती करता येते.

सराफा
आमच्या ओट्यावर रात्री खाऊवाल्याची गाडी लागते, ती आमच्याच संमतीने. संमती काढून घेतल्याचे तोंडी सांगितले तर पुढे सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून आम्ही आता दोन ओळी लिहून सही घेतो.

सुदामानगरहून एक वाचक
मी दुसऱ्या बाजूला होते. साडी बदलून मिळेना म्हणून मी हटून बसले, तेव्हा मालकाने ‘अतिक्रमण’ म्हणून पोलीस बोलावले. आलेल्या महिला हवालदार मला म्हणाल्या, “ताई, उघड्या दुकानात येणे गुन्हा नाही, पण जा म्हटल्यावर त्रास द्यायला थांबलात तर होऊ शकतो. बिल आहे ना? ग्राहक आयोगाकडे जा.” मी उठले, बिल पर्समध्येच होते.