मदत हवी आहे: एआय एजंटला शेअर केलेल्या स्टाइल्स डिलीट करू द्यायच्या, पण सुरक्षितपणे. टूल कसं बांधावं?

नमस्कार मंडळी,

डिझाइन सिस्टिम आणि एमसीपी (एआय एजंटला बाहेरची टूल्स वापरू देणारी प्रमाणित पद्धत) या दोन्हींवर काम केलेल्यांचा सल्ला हवा आहे. आमच्या फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) लायब्ररीत, म्हणजे अनेक फाइल्सना वापरता येणाऱ्या सामायिक संचात, रंग, टेक्स्ट आणि इफेक्टच्या खूप स्टाइल्स (नाव देऊन जपलेल्या सेटिंग्ज) साचल्यात. त्या एजंटकडून आवरून घ्यायच्या आहेत, म्हणून प्लगइनच्या आधाराने छोटा एमसीपी सर्व्हर लिहितोय. शोधणं, तयार करणं, नाव बदलणं ही टूल्स झाली. डिलीटपाशी गाडी अडली आहे.

कोड म्हणाल तर एका ओळीचा: आयडीवरून स्टाइल घ्यायची आणि रिमूव्ह करायची. त्या ओळीच्या आधी काय काय तपासावं, हा माझा प्रश्न आहे.

स्टाइल कुठे वापरली आहे ते सांगणारं गेट-स्टाइल-कन्झ्युमर्स-असिंक हे फंक्शन आहे. कोणता लेयर, फिल की स्ट्रोक, सगळं देतं, पण उघडलेल्या फाइलपुरतंच. लायब्ररीच्या मूळ फाइलमध्ये वापर शून्य दिसणं नेहमीचंच, कारण खरा वापर बाहेरच्या फाइल्समध्ये असतो. चाचणीच्या प्रतीत एजंटसमोर ‘निळा/मुख्य’ आणि ‘निळा/५००’ अशा हुबेहूब एकाच रंगाच्या दोन स्टाइल्स आल्या. ‘मुख्य’चा वापर शून्य दिसला, म्हणून त्याने तीच काढायला घेतली. आमची सगळी बटणं तिच्यावर आहेत! शून्य दिसलं की एजंट ती परवानगीच समजतो, आणि मला खरी भीती याचीच आहे.

त्यात स्टाइल काढल्यावरही लेयरचा रंग तसाच राहतो, तुटतो तो फक्त दुवा. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट ताडून पाहणारा एजंट ‘काहीच बिघडलं नाही’ असं बेधडक कळवतो. पुढे कधीतरी मूळ रंग बदलायची वेळ येते, काही स्क्रीन बदलतात, काही जुन्याच राहतात, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही नसतं.

डिस्ट्रक्टिव्ह-हिंट (हे टूल काही पुसून टाकू शकतं असं सांगणारी एमसीपीतली खूण) ट्रू ठेवलंय, पण ती नुसती सूचना आहे. क्लायंटने, म्हणजे एजंट चालवणाऱ्या ॲपने, ती पाळलीच पाहिजे असं नाही. ‘कन्फर्म’ नावाचा पॅरामीटर ठेवून पाहिला, तर एजंट पहिल्याच कॉलमध्ये स्वतःच ट्रू भरून मोकळा होतो. मग नक्की अडवायचं कुठे? पब्लिश झालेली (इतर फाइल्सना वापरायला खुली केलेली) स्टाइल डिलीट करायला टूलने सरळ नकार द्यावा का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

नकार द्यावाच. स्टाइल पब्लिश झाली आहे का ते सांगणाऱ्या गेट-पब्लिश-स्टेटस-असिंकचं उत्तर ‘अनपब्लिश्ड’ नसेल तर टूलने डिलीट न करता अहवाल द्यावा आणि निर्णय माणसाकडे सोपवावा. वापराच्या आकड्यासोबत ‘फक्त या फाइलमधला’ असं उत्तरातच लिहा. एजंट टूलचं उत्तर वाचूनच पुढचं पाऊल ठरवतो, तेव्हा नुसतं शून्य त्याच्या हाती देऊ नका.

कन्फर्मऐवजी दोन टूल्स करा. पहिलं फक्त तपासणी करेल आणि शेवटी एक टोकन (डिलीटच्या दुसऱ्या टूलला दाखवायचा कोड) देईल. ते टोकन त्या आयडीला आणि त्या क्षणीच्या वापराच्या यादीला बांधलेलं असावं. मधल्या वेळात कुणी ती स्टाइल नवीन लेयरला लावली, तर टोकन बाद. याने एजंटला तपासणी टाळता येणार नाही, पण माणसाची संमती मात्र वेगळी घ्यावीच लागेल, कारण टोकनही एजंटच पुढे पाठवणार आहे.

आणि नावावरून डिलीट कधीच नको. एकाच नावाच्या दोन स्टाइल्स असू शकतात. टाइमआउटनंतर एजंटने तोच कॉल पुन्हा केला, तर दुसऱ्या फेरीत भलतीच उडेल. आयडी घ्या, आणि स्टाइल आधीच गेलेली असेल तर एरर न देता तसं शांतपणे सांगा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! टोकन यादीला बांधायचं सुचलंच नव्हतं. डिलीटआधी सेव्ह-व्हर्जन-हिस्टरी-असिंकने आवृत्ती जपून ठेवायचंही जोडतोय. एक शंका उरते: वापरात असलेली स्टाइल काढताना आधी सगळे लेयर पर्यायी स्टाइलवर न्यायचे, हे काम डिलीटच्याच टूलमध्ये घ्यावं की वेगळं ठेवावं? माझा कल वेगळं ठेवण्याकडे आहे, म्हणजे डिलीटच्या टूलला वापर शून्य नसेल तर थेट नकार देता येईल. कुणी दोन्ही एकत्र करून पाहिलं असेल तर अनुभव जरूर लिहा.