हवेचा आकडा दोनशेपार असताना लाँग रन करावा का?

पहाटधावक :
गेल्या रविवारी पहाटे पाच वाजता शिवाजी पार्कहून वरळीकडे निघालो, तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती पिवळसर कडे दिसत होते आणि वरळी सी-फेसवरून सी-लिंकचे मनोरेही ओळखू येत नव्हते. मोबाइलवर हवा गुणवत्ता निर्देशांक होता २१०, म्हणजे आपल्या राष्ट्रीय निर्देशांकाच्या भाषेत ‘खराब’. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ३० किलोमीटरचा लाँग रन ठरलेला होता, म्हणून धावलो. दुपारपर्यंत घसा खवखवत राहिला, नाक शिंकरल्यावर रुमालावर काळे डाग उमटले आणि तेव्हापासून मला ठामपणे वाटू लागले आहे की, अशा दिवशी न धावण्याला आळस म्हणणे आपण बंद करायला हवे.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. धावताना हेच प्रमाण पन्नास लिटरच्या घरात जाते आणि त्यातली बरीचशी हवा नाकाची गाळणी टाळून तोंडावाटे जाते. म्हणजे एरवी नुसते बसून अख्ख्या दिवसात जेवढी हवा घेतली असती, जवळपास तेवढी साडेतीन तासांच्या लाँग रनमध्ये छातीत जाते. म्हणून माझे मत असे की, दोनशेच्या वर लाँग रन आणि इंटरव्हल, म्हणजे मध्ये मध्ये दम घेत जोरात धावण्याचा सराव, दोन्ही रद्द करावेत.

चौपाटीकर :
मी गेली अठरा वर्षे धावतो आहे आणि हे मत मला पटत नाही. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा वारंवार बिघडते. आकडा पाहून घरी बसायचे ठरवले, तर नेमक्या सरावाच्या महिन्यांत सवय मोडेल आणि एकदा मोडलेली सवय पुन्हा लागत नाही, हे मी ग्रुपमधल्या अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय घरी बसून आपण कुठली वेगळी हवा घेतो? आपल्या खिडक्या दिवसभर उघड्याच असतात. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या हिशेबानुसार पीएम २.५ या हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम असले, तरी रोज दीड तास सायकल चालवेपर्यंत व्यायामाचा फायदा प्रदूषणाच्या हानीहून कमी पडत नाही. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणारी सवय एका आकड्यापायी सोडू नये.

पहाटधावक :
चौपाटीकरकाका, तुम्ही दिलेलाच दाखला माझ्या बाजूने बोलतो. त्याच हिशेबात दीड तासानंतर पारडे उलटे झुकते आणि आपला लाँग रन साडेतीन तासांचा असतो. सायकलपेक्षा धावताना श्वासही अधिक लागतो. रोजच्या पाऊण तासाच्या सावकाश धावण्याबद्दल मी वाद घालत नाही. माझा आक्षेप लांब आणि जोरकस धावण्याला आहे.

मोजमाप :
दोघेही ‘आकडा’ म्हणता, पण कोणता आकडा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे पहाटे पाचला दिसणाऱ्या आकड्यात बराचसा हिशेब कालच्या दिवसाचा असतो. पीएम २.५ घनमीटरमागे ९० मायक्रोग्रॅम असेल, तर आपल्या मोजपट्टीवर तो २०० येतो आणि हवा ‘मध्यम’ ठरते. अमेरिकी मोजपट्टी वापरणाऱ्या ॲपवर तीच हवा दीडशेच्या वर जाऊन ‘अपायकारक’ ठरते. निर्णय घ्यायचाच असेल, तर जवळच्या केंद्रावरचे त्या तासाचे पीएम २.५ पाहावे.

दुसरे म्हणजे, आपण सगळे पहाटेची हवा शुद्ध असे धरून चालतो. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि रात्रभराचा धूर तिथेच साचतो. त्यात वॉचमनच्या शेकोट्या आणि रस्त्यावरची झाडलोट नेमकी आपल्या वेळेला. समुद्रावरचे वारे दुपारकडे सुरू झाले की हा थर बराच विरतो. तेव्हा दिवस रद्द करण्याआधी वेळ बदलून पाहावी.

इनहेलर सोबत :
मला दमा आहे आणि मी हाफ मॅरेथॉन धावते. माझी छाती दीडशेलाच आवळू लागते, त्यामुळे तुमचा दोनशेचा नियम माझ्या उपयोगाचा नाही. मला त्रास आकड्याहून अधिक ग्रुपचा होतो. मागच्या महिन्यात मी येत नाही असे कळवले, तेव्हा आमच्या प्रशिक्षकांनी सर्वांसमोर ‘कारणे सांगणारे पदक मिळवत नाहीत’ असे लिहिले आणि मी मुकाट्याने गेले. आठव्या किलोमीटरला फुटपाथवर बसून पंप घ्यावा लागला. चौपाटीकरकाका, सवय मोडण्याची भीती तुम्ही दाखवता, तेव्हा ती आमच्यासारख्यांच्या कानावरही पडते, एवढे लक्षात घ्यावे.

चौपाटीकर :
ताई, हे मी लक्षात घेतले नव्हते आणि तेवढ्यापुरते माझे म्हणणे मागे घेतो. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरांचे ऐकावे, ग्रुपचे नव्हे. मात्र पहाटधावक यांना एक सरळ प्रश्न विचारतो. दिल्लीत २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये हाफ मॅरेथॉन पुढे ढकलावी अशी मागणी इंडियन मेडिकल असोसिएशनने केली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तरीही १९ तारखेला शर्यत झालीच, लोकही धावले. उद्या आपल्या शर्यतीच्या पहाटे २१० असेल, तर तुम्ही घरी राहाल का?

पहाटधावक :
राहणार नाही. सहा महिन्यांच्या सरावानंतरची एक शर्यत आणि दर रविवारचा लाँग रन यांत मी फरक करतो, कारण दर आठवड्याची भर मला अधिक घातक वाटते. २१० ला मी वेळेचे लक्ष्य सोडून सावकाश धावेन. ३०० च्या वर, म्हणजे ‘अतिखराब’ असेल, तर स्टार्ट लाइनवर जाणार नाही. हे मी आजच घरी सांगून ठेवले आहे, कारण त्या पहाटे बिब, म्हणजे शर्यतीतला क्रमांक, छातीवर लावल्यानंतर माझा निर्णय कितपत टिकेल, याची मला खात्री नाही.